चेनचा वाटा

सायकल चालवायला घराबाहेर पडायची गरज उरली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. खांबेटेसाहेबांनी मागचं चाक काढून सायकल बाल्कनीतल्या ट्रेनर नावाच्या यंत्रावर बसवली होती. त्यांच्या पायांचा जोर पेडलही मोजायचं आणि ट्रेनरही.

एका सकाळी पेडल म्हणालं, "दोनशे दहा वॅट."

ट्रेनर म्हणाला, "दोनशेच. माझ्यापर्यंत पोचलं तेवढंच मी सांगणार."

साहेब पाय थांबवून म्हणाले, "दोघांपैकी एक खोटारडा आहे. तो आजच घराबाहेर जाईल."

तेव्हा दोघांच्या मधली, मळाने काळी झालेली चेन हळूच म्हणाली, "दोघंही खरं सांगतायत, साहेब. मधले दहा माझ्यात जिरतात. मला पुसून थोडं तेल घाला, निम्मे तरी परत देईन."

साहेबांनी विचार केला. चेन पुसायची तर हात काळे होणार होते. शिवाय पेडलचा आकडा मित्रांना सांगायला बरा होता.

संध्याकाळी ट्रेनर विकला गेला. पुढच्या आठवड्यात नवा आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "एकशे पंच्याण्णव."

चेनवर आठवडाभरात धुळीचा आणखी एक थर चढला होता.

"हल्ली प्रामाणिक यंत्रं मिळतच नाहीत," साहेब हळहळले.