हलती जाळी

गाईगुरं बोलत होती तेव्हाची गोष्ट. एका गोठ्यात माश्या धरायचं काम कोळ्यांकडे होतं. त्यांतली थोरली कोळीण जाळं विणून झालं की मधोमध निवांत बसून राही. माशी अडकली की धावे, पुन्हा येऊन बसे. गाय सुखानं रवंथ करी.

मग देखरेखीला कोंबडा आला. पहिल्याच फेरीत तो ओरडला, "कोळीणबाई, सकाळपासून बघतोय, नुसत्या बसून आहात!"

"बसणं हेच काम आहे, मुकादम. जाळं हललं की माशीला दिसतं."

"ते मला सांगू नका. हलताना दिसला नाहीत, तर जाळं झाडून टाकीन."

झालं! कोळीण जाळं हलवू लागली. कोंबडा जवळ आला की जरा जास्तच. चार दिवसांत तिचं पोट खपाटीला गेलं आणि गाईची शेपटी थांबेना.

"माश्या फार वाढल्यात हो," गाय कळवळून म्हणाली.

"ऐकलंत?" कोंबडा कोळ्यांवर खेकसला. "अजून जोरात हला!"

सगळ्या गोठ्यात जाळी थरथरू लागली. तेवढ्यात एक गलेलठ्ठ माशी कोंबड्याच्या तुऱ्यावर टेकली आणि कौतुकानं म्हणाली, "मुकादम, मंडळी मोठी कामसू मिळालीत हो तुम्हाला!"

कोंबड्याची मान आणखीच ताठ झाली.