तोंड नसलेली परी

नदीपल्याड, जिथे वाटा संपून नुसती झाडं उरतात, तिथे ऐनाचं एक रान होतं. त्या रानात झेली नावाची मुलगी आपल्या मायसोबत राहायची. मायलेकी ऐनाच्या झाडांवर हिरव्यागार अळ्या वाढवायच्या. अळ्या स्वतःभोवती रेशमाचे कोसे विणायच्या, माय त्यांचं सोनेरी सूत काढायची आणि त्यावर चूल पेटायची. पण त्या वर्षी गारा पडल्या आणि सगळ्या अळ्या मातीला मिळाल्या. पुढच्या अंड्यांसाठी राखलेले बियाण्याचे दोनच कोसे आढ्याला टांगलेले राहिले.

"दोन कोशांनं काय होते, पोरी?" माय म्हणाली आणि तिने गाठोडं बांधलं. उद्या दिवस मावळला की रान सोडायचं, वीटभट्टीवर जायचं. झेलीला रडू आवरेना. तिला दुसरं घर ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्याच पहाटे कोसे फुटले. एकातून नर पाखरू निघालं, दुसऱ्यातून मादी. नर मादीला भेटला आणि उजाडताच उडून गेला. मादी तिथेच पंख वाळवत बसली. मऊमऊ केशरी पंख, प्रत्येकावर काचेची इवलीशी खिडकी! झेलीने तिला अलगद ओंजळीत घेऊन ऐनाच्या पानावर ठेवलं. मग आपल्या वाट्याची पेज द्रोणात ओतून तिच्यापुढे सरकवली.

"खाऊन घे वं बाई. भूक लागली असन तुले."

पानांतून कोवळं ऊन उतरलं आणि त्या झगमगाटात पाखराची परी झाली, बोटभर उंचीची, केशरी झग्यातली. तिला तोंडच नव्हतं. शब्द तिच्या पंखांतून झुळझुळत आले.

"मला खाता येत नाही गं झेली. कोशातून निघालं की आम्हाला उपाशीच जगायचं असतं, तेही थोडाच वेळ. पण तू तोंडचा घास दिलास. एक वर माग. मात्र सूर्य मावळायच्या आत माग, आणि जे मागशील ते माझ्या आयुष्यातून वजा होईल."

"झाडं कोशांनं भरून दे म्हनलं तं?"

"आत्ता भरतील. आणि मी आत्ताच जाईन."

मागणं झेलीच्या अगदी ओठांवर आलं. पण तिचं मन अडलं. खायचं नाही, साठवायचं नाही, मग हा एवढासा जीव जगतो तरी कशासाठी?

"तुह्यं काही करायचं रायलं हाय का?" तिने विचारलं.

"अंडी घालायची राहिलीत."

झेलीने डोळे पुसले. "मंग तुहा वेळ तुलेच पुरू दे. हाच माहा वर."

 दिवसभर परी पानावर एकेक अंडं ठेवत राहिली. शेवटचं ठेवून झालं, तेव्हा सूर्य टेकला होता. काचेच्या खिडक्यांतून सोनेरी उजेड फुटला, सारं रान न्हाऊन निघालं आणि परी त्यात विरून गेली; अंड्यांनी भरलेलं पान तेवढं उरलं.

माय गाठोडं घेऊन शोधत आली. अंडी पाहून ती थबकली. रानात अंडी असताना चूल विझू द्यायची नाही, घर सोडायचं नाही, ही त्यांची रीत. तिने गाठोडं सोडलं.

पुढे त्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना एकाही पक्ष्याने चोच लावली नाही आणि ऐनावर पानांहून कोसे जास्त झाले. पण ते नंतर. त्या संध्याकाळी मायने चूल पेटवली, द्रोणातली गार पेज ऊन केली आणि लेकीपुढे ठेवली.

"पाखराले पेज ठेवली व्हय, येडे? त्याले तोंड नसते. तुले हाय ना? खा."