मंगळागौरीची फुगडी

मिरजेच्या शैलजाबाईंच्या पोटात वर्षभर दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं हेमांगी, त्यांची धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावरच्या हेमांगीने गाडी, सोफा, शोकेस सगळं विकून कर्ज फेडून टाकलं होतं. आता तिच्याकडून भांडणांऐवजी हसणं ऐकू यायचं. शैलजाबाईंच्या घरात मात्र सामान मावत नव्हतं आणि हप्ते संपत नव्हते.

त्यांच्या सुनेच्या मंगळागौरीला बायका जमल्या, टीपॉयला गुडघे टेकवून कशाबशा बसल्या. शैलजाबाईंनी डाव साधला.

"हेमांगी, सगळ्यांसमोर सांग, माझ्या घरात नाही असं तुझ्या घरात आहे तरी काय?"

हेमांगीने दोन्ही हात पुढे केले. "सांगते ना ताई. आधी एक फुगडी घालू."

शैलजाबाई तोऱ्यात उठल्या. अर्धा फेराही झाला नाही तोच त्यांचं कोपर शोकेसवर आदळलं.

"लागलं का हो? माझ्याकडे एवढंच आहे बघा, फुगडीपुरती जागा. चला गं सगळ्या वर!"

सूनसुद्धा वर पळाली. शैलजाबाई कोपर चोळत एकट्याच बसल्या. वर फुगडी रंगली, आणि शोकेसमधले हप्त्याने घेतलेले काचेचे पेलेही फितूर होऊन ठेका धरू लागले.