शंभर चिंचोक्यांची सूट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

त्या गावात सुगी संपली की टेकडीवर धावत चढण्याची शर्यत होई. तरणे-म्हातारे सगळे धावत, पण एकदम निघत नसत. जो सर्वांत हळू, तो सर्वांत आधी निघे. जो सर्वांत चपळ, तो सर्वांच्या शेवटी. त्यामुळे माथ्यापाशी सगळे जवळजवळ बरोबरीनं येत आणि जिंकण्याची आशा प्रत्येकाला असे.

कुणी कधी निघायचं, हे गावातली एक आजी ठरवी. आठ दिवस आधी ती प्रत्येकाला एकट्यानं टेकडी चढायला लावी आणि तो माथ्यावर पोचेपर्यंत मडक्यात एकेक चिंचोका टाकत राही. ज्याचे चिंचोके जास्त, त्याला सूट जास्त.

त्या गावात एक निरोप्या होता. गावोगाव निरोप पोचवून त्याचे पाय चांगलेच तयार झाले होते. म्हणून दर वर्षी तो शेवटी निघे आणि दर वर्षी थोडक्यात हरे. जिंकणाऱ्याला बांधायचा मानाचा फेटा काही त्याच्या डोक्यावर चढत नव्हता.

बायको चेष्टेनं म्हणे, "अख्ख्या मुलखाला निरोप वेळेवर पोचवता, अन् टेकडीवर तेवढे मागं राहता!"

तो हसे, पण ते त्याला लागे.

एका वर्षी चाचणीच्या दिवशी तो लंगडत लंगडत टेकडी चढला.

"काय झालं रे बाबा?" आजीनं विचारलं.

"पाय मुरगळलाय, आजी."

आजी हळहळली. त्या दिवशी मडक्यात त्याचे शंभर चिंचोके जास्त पडले.

शर्यतीच्या दिवशी सर्वांत आधी म्हातारा कुंभार निघाला. त्याचा गुडघा अधू होता आणि फेटा त्यालाही कधी मिळाला नव्हता. त्या दिवशी मात्र तो जीव तोडून धावला. माथा पन्नास पावलांवर आला, तरी त्याच्या पुढे कुणीच नव्हतं.

तेवढ्यात मागून निरोप्या आला आणि त्याला ओलांडून गेला. कुंभाराला धाप लागली होती, तरी तो आनंदानं ओरडला, "अरे, पाय बरा झाला की तुझा! देव पावला रे!"

निरोप्यानं थांबायला हवं होतं. तो थांबला नाही. तो पहिला आला.

आजी फेटा बांधायला आली. "खाली बस बाळा," ती म्हणाली, "पायावर भार नको देऊस."

निरोप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर कुंभार गुडघा चोळत बसला होता, आणि मधूनच हात सोडून टाळ्या वाजवत होता. निरोप्याला रडू फुटलं.

"आजी, माझ्या पायाला काहीच झालं नव्हतं."

कुणी त्याला बोल लावला नाही. आजी एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं चिंचोके टाकतेय. कुणाचा पाय तपासून बघावा, असं कधी मनातही आलं नव्हतं."

निरोप्यानं फेटा काढून कुंभाराच्या डोक्यावर ठेवला. कुंभारानं तो उतरवला आणि त्याच्या हातात परत दिला.

"राग नाही रे तुझ्यावर. पण मला तो धावून मिळवायचा होता. पुढच्या साली हा गुडघा चढू देईल, असं वाटत नाही."

आणि झालंही तसंच. पुढच्या वर्षी कुंभार पायथ्याशी बसून राहिला. त्या वर्षीपासून खरोखर लंगडणाऱ्यालाही आजीला आधी पाय दाखवावा लागू लागला. निरोप्या सर्वांच्या शेवटी, कुंभाराच्या समोरूनच निघाला. कुंभारानं प्रेमानं हात हलवला, पण निरोप्याला मान वर करून त्याच्याकडे बघवलं नाही.

बोध: खोटं कबूल करता येतं, पण त्या खोट्यानं हिरावलेली दुसऱ्याची संधी परत करता येत नाही.