भात्यापाशी बसलेला मालक

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत होता. पण ही गोष्ट त्याच्या राजवाड्याची नाही, वेशीबाहेरच्या ओतारवाड्याची आहे. तिथे बोधिसत्त्वाने एका ओताऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. घंटा ओतण्याचा त्याचा लहानसा कारखाना होता आणि तिथली एक रीत जगावेगळी होती. कामगाराचे गाऱ्हाणे आले, की मालक त्याच्या जागी बसून दिवसभर त्याचे काम करी आणि मगच निवाडा देई.

एकदा राजाने वेशीसाठी मोठी घंटा पौर्णिमेपर्यंत मागितली. त्याच सुमारास भाता ओढणारा तिस्स बोधिसत्त्वाकडे आला. "मालक, भट्टीचा धूर डोळ्यांत जातो. संध्याकाळी घरचं दार दिसत नाही. डोळे गेले तर पोरांनी खायचं काय?"

कारखान्यावर देखरेख करणारा वासभ हा बोधिसत्त्वाचा मेहुणा. तो म्हणाला, "दाजी, नाचता येईना अंगण वाकडं. याला काढा, दुसरा बघतो."

बोधिसत्त्व भात्यापाशी बसला. सकाळ सरली तरी धूर काही आला नाही.

"बघितलंत ना?" वासभ हसला. "उठा आता, घंटा खोळंबलीय."

तिस्साची मान खाली गेली. दुसरा मालक असता तर तिथेच उठला असता. बोधिसत्त्व म्हणाला, "तिस्स दिवेलागणीपर्यंत बसतो. मीही बसेन."

दुपारी नदीकडचा वारा फिरला आणि सगळा धूर भात्यावर आला. सांजवेळी बोधिसत्त्व उठला, तेव्हा त्याला समोरचा माणूस ओळखू येईना.

आता वासभाची खरडपट्टी निघणार, असे सगळ्यांना वाटले. बोधिसत्त्वाने त्यालाही विचारले, "तुझं काय म्हणणं?"

वासभ पुटपुटला, "धूर टाळायला भट्टीचं तोंड फिरवायचं तर ती पाडावी लागते. घंटा वेळेवर हवी, असं तुम्हीच बजावलं होतं."

"खरं आहे. घाई माझी होती. पण तिस्साला खोटं पाडलंस, ते तुझं. त्याची माफी माग, आणि मग पहार आण."

भट्टी पाडली. पौर्णिमा हुकली, घंटेचे काम दुसऱ्याकडे गेले. धन्य तो मालक! घरचा माणूस म्हणून त्याने वासभाला पाठीशी घातले नाही, आणि चारचौघांत त्याची अब्रूही काढली नाही. नवी भट्टी पेटली त्या दिवशी धूर कुठे जातो ते बघायला वासभ आपणहून भात्यापाशी बसला आणि दिवेलागणीपर्यंत उठला नाही.

विहारात ही कथा सांगून संपवल्यावर शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा तिस्स म्हणजे आज गाऱ्हाणे घेऊन आलेला हा भिक्खू. वासभ म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे, तो आपला भांडारी. ओतारी मीच होतो, आणि त्या जन्मी मी समभाव पाळला. बसा दोघेही. दिवस मावळायला अजून वेळ आहे."