तेरूची नाचणीची टोपली

समुद्राजवळ केळीच्या हिरव्यागार वाड्या आहेत. तिथे वारा दिवसभर सळसळतो आणि प्रत्येक विहिरीच्या काठी एखादा तरी चाफा उभा असतो. अशाच एका वाडीत तेरेज नावाची छोटीशी मुलगी राहायची. सगळे तिला तेरू म्हणायचे. वाडी दुसऱ्याची होती आणि तेरूचे बाबा, कैतान, तिथे राबायचे. घर झावळ्यांचं. संध्याकाळी जेवायला पेज आणि सुकट, कधी नुसतीच पेज.

पण तेरूला पेजेचं दुःख नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तिची आई देवाघरी गेली, आणि तेव्हापासून बाबा चर्चची पायरी चढले नव्हते. दर रविवारी तेरू एकटीच मिस्साच्या प्रार्थनेला जायची आणि आईच्या बाकावर एकटीच बसायची. तो बाक तिला फार मोठा वाटायचा.

तेरू गुणाची होती. वाटेत गोगलगाय दिसली तर तिला उचलून अलगद कडेला ठेवायची. पण धीर? धीर तिच्याकडे औषधालासुद्धा नव्हता. बसली की पाय हलायचे, उभी राहिली की हात. मोगऱ्याची कळी दिसली की बोटांनी उघडून बघायची, आणि भात शिजत असला की दहादा झाकण काढायची. मग भात कच्चा राहायचा आणि ही भातावरच रुसायची.

त्या गावाची एक रीत होती. नाताळच्या गोठ्यात बाळ येशूभोवती खरीखुरी हिरवळ लावायची. त्यासाठी नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, आगमनकाळात, टोपलीत नाचणी पेरायची, म्हणजे नाताळपर्यंत तिचे नाजूक, लुसलुशीत कोंब वर येतात. चर्चमधल्या मोठ्या गोठ्याची टोपली दरवर्षी तेरूची आई करायची. यंदा ती तेरूने हट्टाने मागून घेतली.

बाबांनी रिकामी टोपली हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाले, "तुझ्या आईसारखी हिरवी झाली ना बाय, तर मी स्वतः डोक्यावर घेऊन येईन चर्चमध्ये."

झालं. त्या क्षणापासून तेरूला चैन पडेना.

तिने टोपलीत केळीचं पान घातलं, माती पसरली, नाचणी पेरली आणि पाणी शिंपडलं. इथवर सगळं छान. दुसऱ्या दिवशी मात्र तिने माती उकरून दाणे बघितले. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत. एका दाण्याला इवलासा पांढरा मोड आला होता, तो तिच्याच नखाने तुटला. हळूहळू सगळे दाणे सुकले. उरली फक्त डब्याच्या तळाशी मूठभर नाचणी.

टोपली मांडीवर घेऊन तेरू विहिरीच्या काठावर बसली आणि मुसमुसून रडू लागली.

तेवढ्यात चाफ्याच्या फांदीवरून सोनेरी उजेडाचा एक ठिपका घरंगळत खाली आला आणि टोपलीच्या काठावर थांबला. ती एक चिमुकली परी होती. तिचा झगा जास्वंदीच्या लाल रंगाचा, पंख निळसर आणि झिरझिरीत. कमरेवर दवाने भरलेली पिटुकली कळशी.

"तू वाडीची राणी आहेस का?" तेरूने डोळे पुसत विचारलं.

परी हसली. "छे गं. ज्याने ही सगळी हिरवाई लावली, त्या मोठ्या माळ्याची मी पाणीवाली. गोगलगायी उचलणारी मुलगी रडते आहे, जरा बघून ये, असं त्याने सांगितलं. तीन गोष्टी माग. पापणी लवायच्या आत देईन. पण दोन अटी आहेत. मातीत टाकलेलं उकरून बघायचं नाही, उकरलंस तर दिलेलं परत जाईल. आणि घाईने मागितलेल्याला मूळ नसतं. मुळं माझ्या हातात नाहीत, ती माळ्याकडे असतात."

दुसरी अट तेरूने नीट ऐकलीच नाही. "माझी टोपली हिरवी कर! आत्ता!"

परीने कळशी तिरकी केली. टोपलीत हिरवे हिरवे कोंब लखलखत उभे राहिले, प्रत्येकाच्या टोकावर दवाचा मोती. तेरू टाळ्या पिटत नाचली. मग थांबली. खरे असतील ना हे? वारा आला तर पडतील का? एकच बघितला तर काय होतंय? तिची बोटं शिवशिवू लागली. तिने एक कोंब हळूच उपटला. त्याला मूळच नव्हतं. बघता बघता सगळी हिरवळ विरून गेली आणि टोपलीत कोरडी माती राहिली.

तेरूने जीभ चावली. पण गप्प बसली तर ती तेरू कसली. "बरं, टोपली राहू दे," ती घाईघाईने म्हणाली, "बाबांना चर्चमध्ये ने. म्हणजे झालंच की!"

परीचे पंख जरा मिटले, पण तिने कळशी तिरकी केली. वाडीत कुदळ मारणारे बाबा कुदळ टाकून चालू लागले. तेरू आनंदाने त्यांच्यामागे धावली, परीही मागोमाग उडाली. बाबा चर्चपर्यंत गेले, पायऱ्या चढले, आईच्या बाकावर बसले. तेरूने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बाबांचे डोळे कुठेच बघत नव्हते. तिने हात धरला तर तो गार होता. बाबा बाकावर होते आणि बाबा तिथे नव्हतेच.

"नको, नको असं," तेरू रडवेली होऊन म्हणाली, "त्यांना परत ने."

बाबा वाडीत परतले आणि आपण कुदळ का टाकली म्हणून नवल करत राहिले.

तेरू पुन्हा विहिरीच्या काठावर आली, तशी परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "तेरू, तू प्रार्थना करतेस ना?"

"रोज सकाळी. बाबांनी चर्चला यावं म्हणून."

"आणि संध्याकाळी?"

तेरूने मान खाली घातली. "संध्याकाळी बाबा आलेच नाहीत म्हणून देवावर चिडते."

"म्हणजे सकाळी पेरतेस आणि संध्याकाळी उकरतेस," परी हळुवारपणे म्हणाली. "बाबांना परत नेलं ते मी मोजलं नाही. आता एकच गोष्ट उरली. नीट विचार कर."

तेरू विचार करत होती, तोच वाटेवर खोकला ऐकू आला. गोठ्यासाठी मातीची मेंढरं आणि मेंढपाळ करणारे मार्टिनकाका काठी टेकत चालले होते. तापाने त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी पिशवीतून एक मेंढरू काढून दाखवलं. त्याचा एक पाय मोडला होता.

"यंदा काही जमत नाही गं पोरी," काका म्हणाले. "हातच थरथरतात. सगळी मेंढरं लंगडी होतायत."

तेरूने रिकाम्या टोपलीकडे बघितलं. काकांकडे बघितलं. तिच्या मनात नुसती ओढाताण झाली. नाताळ जवळ आला होता, डब्यात मूठभर नाचणी होती आणि मागायला एकच गोष्ट शिल्लक होती. मग ती परीच्या कानाशी पुटपुटली, "काकांचा ताप उतरू दे."

कळशी तिरकी झाली. काकांनी कपाळाला हात लावला, चकित झाले आणि काठी काखोटीला मारून घराकडे निघाले.

"पण याला तरी मूळ असेल ना?" तेरूने भीत भीत विचारलं.

"हे तू घाईने नाही मागितलंस, मायेने मागितलंस. मुळं दिसली की भेटू," परी म्हणाली आणि चाफ्याच्या पानांत दिसेनाशी झाली.

तेरूने उरलेली नाचणी पेरली. यावेळी ती टोपलीपाशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. ते हात बिचारे नुसते वळवळत होते.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "अशी का बसलीस?"

"उकरावंसं वाटतंय ना, म्हणून."

कितीतरी दिवसांनी बाबा हसले. "तुझी आई अगदी अशीच होती. मग मी तिला कामाला लावायचो." ते उठले, एक गोणपाट भिजवून आणलं आणि टोपलीवर झाकलं. "कोंब वर येईपर्यंत हे काढायचं नाही. त्यांना आधी अंधार लागतो. चल, तोवर तिच्या मोगऱ्याचं तण काढू."

पावसाळ्यापासून कुणी हात लावला नव्हता त्या मोगऱ्याला. आता बापलेक रोज तण काढू लागले, पाणी घालू लागले. काम करता करता बाबा आईच्या गोष्टी सांगायचे, कधी मधेच थांबून डोळे पुसायचे. तेरू सकाळी प्रार्थना करायची आणि संध्याकाळी नुसतं "बरं" म्हणायची. मन चुळबुळायचं तेव्हा ती आणखी एक वाफा साफ करायची. वाडीतले सगळे वाफे लख्ख झाले, यावरून काय ते समजा.

एके सकाळी गोणपाट आपोआप वर उचललेलं दिसलं. खालून कोंबांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांनी धुतलेला सदरा घातला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्यावर हिरवीगार टोपली. चर्चच्या पायरीपाशी ते थबकले. तेरूच्या ओठांवर शब्द आले, चला ना बाबा, लवकर. तिने ते गिळून टाकले. बाबांनी एक लांब श्वास घेतला आणि पायरी चढले.

आत मार्टिनकाका चार पायांवर नीट उभी राहणारी मेंढरं मांडत होते. टोपली गोठ्यात मावेना. मग बाबांनी ती उपडी करून हिरवळ अलगद बाहेर काढली आणि तिची खालची बाजू तेरूपुढे धरली.

"आता बघ बाय. आता बघायला हरकत नाही."

पांढरीशुभ्र, बारीक बारीक मुळं! एकमेकांत गुंतून त्यांची घट्ट चटई विणली गेली होती आणि मातीचा एक कणही त्यांनी सांडू दिला नव्हता. तेरूचं बोट त्यांवरून हळूच फिरलं. त्याच वेळी मुळांमधून लाल झग्याची परी वर आली, कळशीतलं शेवटचं दव तिने हिरवळीवर शिंपडलं आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली. क्षणभर सगळा गोठा झळाळला. बाबांनी छपराकडे बघितलं, कुठलं कौल सरकलंय म्हणून.

मग ते जाऊन आईच्या बाकावर बसले. तेरूने त्यांचा हात धरला. तो उबदार होता.

"बाबा, मिस्साला अजून खूप वेळ आहे," ती म्हणाली.

"असू दे," बाबा म्हणाले. "थांबू या की."