नागनाथाची बंदिश

एकदा एका संस्थानात एका वृद्ध गायनाचार्यांचे दोन शिष्य देवीच्या उत्सवासाठी बंदिशी बांधत होते. ज्याची रचना दरबारात श्रेष्ठ ठरेल, तो राजगायक होणार होता. थोरला मार्तंड विद्वान आणि कष्टाळू; एकेका शब्दासाठी तो दिवसचे दिवस झुरत असे. धाकटा नागनाथ गुरवाचा मुलगा. नदीवर धोतर पिळता पिळता तो सहज एखादी चाल गुणगुणे, आणि ती मार्तंडाच्या काळजात काट्यासारखी रुतून बसे.

उत्सव तोंडावर आला आणि नागनाथाला ज्वराने गाठले. ताप उतरला, पण आवाज गेला तो गेलाच.

"नागनाथाची बंदिश मार्तंड गाईल," आचार्य म्हणाले.

सारे चपापले. मार्तंडाच्या मनात काय धुमसते आहे, हे गुरुगृही कोणापासून लपले नव्हते. मग गुरुजींनी कोकरू लांडग्याच्या हाती का दिले?

नागनाथ वीणेवर चाल छेडत कुजबुजत बोल सांगू लागला. अंतऱ्यात 'माये' असा पुकार करून गाणाऱ्याने एकदम थांबायचे होते. त्या निःशब्दतेतून वीणेवर कोमल धैवताचा सूर उमटला, तसा मार्तंडाच्या अंगावर सरसरून काटा आला.

"इथं थांबायला विसरू नकोस, दादा," नागनाथ म्हणाला. "बाकी काही चुकलं तरी चालेल."

अशी जागा आपल्याला जन्मात सुचणार नाही, हे मार्तंडाला त्याच क्षणी कळून चुकले.

दरबार भरला. मार्तंडाने आपली बंदिश जीव ओतून गायली. मग नागनाथाची सुरू केली. समोरच नागनाथ डोळे मिटून बसला होता. अंतरा आला, 'माये'चा पुकार झाला. थांबायचे होते, तो थांबला नाही. एक झगझगीत तान घेऊन त्याने ती निःशब्दता बुजवून टाकली.

महाराजांनी मान डोलावली. लोकांनी टाळ्या पिटल्या. नागनाथाने फक्त डोळे उघडले आणि खाली पाहिले.

राजगायकपदाचा मानाचा शेला मार्तंडाच्या खांद्यावर पडला.

घरी येताच तो गुरुजींपुढे उभा राहिला. "तुम्हाला ठाऊक होतं, मी जळतोय. तरी ती बंदिश माझ्याच हाती का दिलीत?"

आचार्यांनी त्याला जवळ बसवले. मग म्हणाले, "मार्तंडा, आज एवढा दरबार भरला होता. काय गेलं ते कोणाला कळलं? महाराजांना नाही, साथीला बसलेल्या पखवाजवाल्यालाही नाही. तू मात्र नेमका तिच्या प्राणावर घाव घातलास, कारण तिचा प्राण कुठं आहे हे तुलाच कळलं होतं. म्हणून तुझ्या हाती दिली. वाटलं, इतकं कळणारा माणूस ती मोडणार नाही. तिथं मी चुकलो. बाळा, मत्सर म्हणजे घशात अडकलेली दाद. ती बाहेर पडली तर गाणं वाढतं, आत राहिली तर गळा सडतो. नागनाथाचा गळा ज्वरानं नेला. तुझा तू स्वतः नेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरताच मार्तंड पुढे झाला आणि त्याने शेला महाराजांच्या पायाशी ठेवला.

"महाराज, काल मी नागनाथाची बंदिश जाणूनबुजून बिघडवली. शिक्षा द्यालच. त्याआधी एकदा ती ऐकून घ्यावी."

सभेत कुजबुज माजली. महाराजांचा चेहरा कठोर झाला. पण त्यांनी हात वर करून सर्वांना गप्प केले. मार्तंड गाऊ लागला. 'माये' म्हणून तो थांबला. दरबारात श्वासाचाही आवाज उरला नाही. मग धैवत लागला, आणि पखवाजवाल्याचे डोळे भरून आले.

आवाज गेला तरी रचना त्याचीच श्रेष्ठ ठरली, म्हणून राजगायकाचे पद नागनाथाला मिळाले. मार्तंडाला वर्षभर दरबार बंद झाला. निघताना तो नागनाथापुढे खाली मान घालून उभा राहिला. नागनाथाने लगेच क्षमा केली नाही. त्याने तोंड फिरवले, मग फुटक्या आवाजात म्हणाला, "संध्याकाळी ये. नवी चाल सुचलीय. गायला कोणी नाही."

संध्याकाळी मार्तंड त्याच्याकडे गेला. त्या नव्या चालीला पहिली 'वाहवा' त्याच्याच तोंडून निघाली.

ज्याच्या गुणाने आपली झोप उडते, त्याचे पहिले जाणकार बहुधा आपणच असतो.